लोअर परळच्या गार्डांना एचआयव्हीची फिल्म दाखवायची आहे? अशी दाखवा

साहित्य: दार लावता येईल अशी खोली, वीस-पंचवीस खुर्च्या, मोठा टीव्ही, वेगळा स्पीकर, फिल्म भरलेले दोन पेनड्राइव्ह, एकाच आकाराच्या कोऱ्या चिठ्ठ्या, एकसारखी बॉलपेनं, झाकणाचा डबा, कंडोमची पाकिटं, प्रात्यक्षिकासाठी लाकडी नमुना, आणि न लाजता उत्तरं देणारा एक माणूस. हा शेवटचा सोडला तर बाकी सगळं एका दुपारी गोळा होतं.

गार्डच का, ते आधी सांगतो. घर लांब, अंगावर गणवेश, रात्रपाळी, एका खोलीत पाच-सहा पुरुष, हे चित्र लोअर परळला नवं नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा डिलाईल रोडच्या चाळींतून गावकीच्या खोल्या होत्या. कोकणातले, साताऱ्याकडचे कामगार तिथे पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि पैसे गावी धाडत. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, आवारं मात्र जुन्याच नावांनी राहिली: कमला, फिनिक्स, मथुरादास, तोडी. त्यांच्या गेटवर आज उभा असलेला माणूस चिपळूणचा असेल, सोलापूरचा असेल, नाहीतर आजमगढचा. तो राहतो नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला आणि घर बघतो ते वर्षातून एकदा-दोनदा. गार्डांना धोका इतरांपेक्षा जास्त आहे असं माझं म्हणणं नाही. पण खासगी सुरक्षेच्या २००५ च्या कायद्याखालच्या नियमांत नव्या गार्डला वर्गात १०० तास आणि प्रत्यक्ष कामावर ६० तास शिकवायला सांगितलं आहे. त्यात आग येते, गर्दी येते, प्रथमोपचार येतो, ओळखपत्र तपासणं येतं. एचआयव्हीवरचा तास आपणच मिळवावा लागतो.

गणवेशातल्या माणसांना अंधारात बसवून गुप्तरोगाची फिल्म दाखवायची रीत सैन्याची. १९४२ साली अमेरिकी सैन्याने ‘सेक्स हायजीन’ नावाची फिल्म आणली. दिग्दर्शक जॉन फोर्ड, म्हणजे हॉलिवूडमधलं त्या काळचं मोठं नाव. फिल्ममध्ये बराकीतले सैनिक बिलियर्ड खेळत असतात, मग त्यांनाही एका हॉलमध्ये नेऊन फिल्म दाखवली जाते, आणि तिच्यात जखमा, चट्टे, सडलेली त्वचा असं सगळं अगदी जवळून. पुढे फोर्डने स्वतःच सांगितलं की तयार फिल्म पाहून आपल्याला ओकारी झाली. घाबरवलं की माणूस सुधारतो, हा त्यामागचा हिशोब. एचआयव्हीच्या बाबतीत तो साफ चुकतो. घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे चाचणी टाळतो, आणि आपल्याला लागण झाल्याचं ठाऊक नसलेल्या माणसाकडूनच ती पुढे जात राहते. म्हणून कवटी, सापळा, मरणाची घंटा असलेली फिल्म कितीही फुकट मिळाली तरी घेऊ नका.

फिल्म निवडणं

लांबी पंधरा-वीस मिनिटांच्या वर नको. हिंदी किंवा मराठी बोलणारी हवी. सबटायटलवर विसंबू नका, बारा तास उभं राहून आलेला माणूस अक्षरं वाचत बसत नाही. फिल्ममध्ये गोष्ट हवी, कोट घातलेला डॉक्टर तक्ता दाखवतोय असं नको. आणि रोगाचं मूळ म्हणून एखाद्या बाईकडे बोट दाखवणारी तर अजिबात नको.

या शेवटच्या मुद्द्याला मुंबईतलाच दाखला आहे. २००२ च्या अखेरीस शहरभर होर्डिंग लागली होती: ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ लोकलमध्ये, पानाच्या टपरीवर, ऑफिसात सगळे एकमेकांना विचारत होते की हा बलबीर पाशा कोण. पीएसआय या संस्थेची ती मोहीम होती आणि तिची युक्ती फार हुशारीची होती. कुणालाही स्वतःबद्दल बोलावं लागत नव्हतं. बलबीर दारू प्यायल्यावर कंडोम विसरतो, मग त्याचं काय होईल? बलबीर एकाच बाईकडे जातो, मग तरीही? लोक बलबीरची काळजी करता करता स्वतःचे प्रश्न विचारून घेत होते. पण त्याच मोहिमेत मंजुळा नावाची वेश्या आली, धोका जणू तिच्याच घरून निघतो असं चित्र उभं राहिलं, आणि स्त्री-संघटनांनी त्यावर टीका केली. टीका रास्त होती. मंजुळेला लागण कुणी तरी गिऱ्हाइकानेच दिलेली असणार ना? तेव्हा बलबीर घ्या, मंजुळेवरचा ठपका घेऊ नका.

माझी पसंती विचाराल तर २००७ साली ‘एड्स जागो’ या नावाखाली चार छोट्या फिल्म आल्या होत्या: मीरा नायर, विशाल भारद्वाज, संतोष सिवन आणि फरहान अख्तर यांच्या. त्यांतली मीरा नायरची ‘मायग्रेशन’ गार्डांसाठी सगळ्यात चपखल. त्यात लागण श्रीमंत फ्लॅटमधल्या नवऱ्याकडून बायकोकडे, तिच्याकडून गावाहून कामाला आलेल्या मजुराकडे आणि त्याच्याकडून गावातल्या त्याच्या बायकोकडे जाते. दिवसभर टॉवरच्या लॉबीत उभा राहणारा गार्ड ही साखळी बघतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की ‘हा आपल्यासारख्या गरिबांचा रोग’ हे खोटं आहे. पुरुषापुरुषांतल्या संबंधांचा विषयही तिथे आपसूक निघतो, आणि तो निघायला हवाच. मात्र फिल्म जुनी आहे. उपचार तिच्यानंतर खूप पुढे गेले आहेत, ते तुम्हाला तोंडाने सांगावं लागेल.

फिल्म मिळवताना परवानगीची चौकशी करा. यूट्यूबवर दिसली म्हणून ती कुठेही दाखवायची मुभा मिळाली असं होत नाही. नाकोचं, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचं, साहित्य आणि सल्ला हवा असेल तर वडाळ्याला ॲक्वर्थ रुग्णालयाच्या आवारात मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्थेचं ऑफिस आहे, तिथे जा. प्रश्नोत्तरांसाठी समुपदेशक मिळतो का, तेही तिथेच विचारा.

वेळ आणि खोली

पाळी बदलताना कार्यक्रम ठेवाल तर फसाल. आठला सुटलेल्या माणसाचं लक्ष विरार लोकलकडे असतं आणि आठला आलेल्याला चार्ज घ्यायचा असतो. ड्युटीच्या वेळातच, रिलिव्हर देऊन, दोन तुकड्यांत दाखवा. जेवणानंतरची दुपार बरी. रात्रपाळीवाल्यांसाठी अकरानंतर, ऑफिसं रिकामी झाल्यावर. हा वेळ ड्युटीतच धरला जाईल, पगार कापला जाणार नाही, हे फिल्ड ऑफिसरकडून आधी वदवून घ्या आणि गार्डांनाही सांगा. गार्ड सुरक्षा रक्षक मंडळाचे असोत की एजन्सीचे, हे सांगितल्याशिवाय कुणी नीट बसत नाही.

खोली बेसमेंटमध्ये मिळाली तर जनरेटर आणि एक्झॉस्टचा आवाज आधी जाऊन ऐका. तिथे नेटवर्कही नसतं, म्हणून पेनड्राइव्ह, आणि म्हणून दोन. प्रोजेक्टरच्या भानगडीत पडू नका, अर्ध्या उजेडात चित्र फिकं पडतं.

मॅनेजरसाहेबांना बाहेर ठेवा. हे जमवायला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं. एका टॉवरमध्ये साहेब कौतुकाने मागच्या रांगेत येऊन बसले आणि तासाभरात एकाने तोंड उघडलं नाही. त्यांना सुरुवातीची दोन मिनिटं द्या, आभार माना आणि दारापर्यंत सोडून या. हजेरीपट नको, फोटो तर नकोच. कंपनीला वर्षअखेरच्या अहवालात फोटो हवा असेल तर रिकाम्या खुर्च्यांचा काढा.

दुसरीकडे, सुपरवायझरांत माजी सैनिक असतील तर त्यांना हाताशी धरा. पलटणीत सैनिक संमेलन असायचं, तिथे साहेबासमोर उभं राहून अडचण मांडायची सवय या लोकांना झालेली असते. ‘आमच्या युनिटमध्ये डॉक्टर येऊन हे सगळं सांगायचे’ असं एखाद्या सुभेदारसाहेबांनी नुसतं म्हटलं की खोलीतला अर्धा संकोच जातो. फक्त त्यांना भाषण करू देऊ नका.

लेडी गार्डांची तुकडी वेगळी घ्या, आणि तिथे बोलणारी बाईच असू द्या. त्यांचे प्रश्न वेगळे असतात: नवरा कंडोमला नाही म्हणतो तर काय करायचं, पोटातल्या बाळाला होतो का. आईची चाचणी वेळेवर झाली आणि औषधं चालू राहिली तर बाळ बहुतेक वेळा लागणीशिवाय जन्मतं, हे तिथे ठासून सांगायचं.

फिल्म चालू करण्याआधी

घरी ती दोनदा बघा आणि थांबायच्या जागा मिनिट-सेकंदासकट कागदावर लिहून ठेवा. दोन जागा पुरेत, तीनच्या वर गेलात तर लोक वैतागतात.

सगळे बसले की चिठ्ठ्या आणि पेनं वाटा आणि सांगा: प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर ‘काही नाही’ लिहा, किंवा नुसती फुली मारा, पण चिठ्ठी घडी करून डब्यात टाका. फक्त प्रश्न असलेल्यांनीच लिहायचं म्हटलं तर कोण लिहितोय ते शेजारच्याला दिसतं आणि डबा रिकामा राहतो. लिहिता न येणाऱ्याची फुलीही इतरांच्या घडीत मिसळून जाते. त्याचा प्रश्न मग तुम्ही नंतर चहाच्या वेळी ऐकून घ्यायचा.

मग एवढंच बोला: इथे कुणाला स्वतःबद्दल काही विचारणार नाही, फिल्ममधल्या माणसाबद्दल बोलायचं. दार लावा, वॉकीटॉकी रिलिव्हरकडे द्या, फिल्म सुरू करा.

थांबवायचं कुठे

सगळी मेहनत इथे कामाला येते. फिल्म सलग दाखवून शेवटी ‘काही प्रश्न?’ विचारलं तर उत्तर ‘नहीं साहब’ हेच. माणूस निर्णय घ्यायच्या क्षणी आला की फिल्म थांबवा आणि दिवे लावा. ‘मायग्रेशन’मध्ये मजुराची नवी ओळख वाढत जाते तिथे पहिला थांबा. विचारा: आता याच्या खिशात काय असायला हवं होतं? हसू येईल, येऊ द्या. कुणीतरी म्हणेल, ‘साहब, ऐसे टाइम पे कौन सोचता है.’ हे वाक्य सोन्याचं आहे. त्याला धरून पुढचं विचारा: मग विचार कधी करायचा, आणि कंडोम ठेवायचा कुठे? इथून बोलणं गार्डांचं होतं, तुमचं राहत नाही.

दुसरा थांबा गावाकडच्या बायकोच्या जागी. बायकोने काय चूक केली, एवढा एकच प्रश्न विचारा आणि गप्प बसा. ही शांतता भरून काढायची घाई करू नका.

दुसऱ्या थांब्यानंतर उरलेली फिल्म सलग जाऊ द्या.

नंतरचा अर्धा तास

आधी चारच गोष्टी, बोटं मोजून. एचआयव्ही पसरतो तो कंडोमशिवायच्या संबंधातून, लागण झालेल्या रक्तातून, एकमेकांच्या सुयांमधून आणि आईकडून बाळाला. डासाने, एका ताटात जेवल्याने, एकच संडास वापरल्याने, हात मिळवल्याने पसरत नाही. मग डबा उघडा. फूटपाथवरच्या न्हाव्याच्या वस्तऱ्याचा प्रश्न हमखास निघतो: वापरलेलं पातं एचआयव्हीपेक्षा काविळीसाठी जास्त वाईट, तरीही पातं नवं मागायचं. रक्तदानाने होतो का? नाही, रक्त घ्यायची सुई प्रत्येकासाठी नवी असते. तोंडावाटे केलेल्या संबंधाने? शक्यता बरीच कमी, पण शून्य म्हणता येत नाही.

‘कंडोम फाटला तर’ हा प्रश्न आला नाही तर तुम्हीच काढा. उत्तर: ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे पोचलं पाहिजे, आणि शक्य असेल तर त्याच रात्री. धोका बघून डॉक्टर २८ दिवसांची औषधं सुरू करू शकतात. मंगळवारची गोष्ट शनिवारी सांगितली तर ही वाट बंद झालेली असते.

आता प्रात्यक्षिक. पाकीट हातात घेऊन आधी तारीख वाचून दाखवा, मग बोटांनी दाबून आत हवा आहे ना ते बघा. हवा नसेल तर पाकीट कुठेतरी फुटलेलं आहे, फेकून द्या. दातांनी फाडायचं नाही. टोकाला चिमूट धरून हवा काढायची, मग शेवटपर्यंत उलगडायचं. काढताना कड धरून, ताठरपणा जायच्या आत. एकावर एक दोन घालू नका, घासून दोन्ही फाटतात. खोबरेल तेल आणि व्हॅसलीन लावलं की रबर कमजोर होतं, हे गार्डांना हमखास ठाऊक नसतं आणि खोबरेल तर प्रत्येकाच्या बॅगेत असतं. मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेला कंडोमही भरवशाचा नाही. उन्हातल्या केबिनमध्ये बारा तास बसून तो तापतो आणि दबतो. मग नमुना फिरवा, चार-पाच जणांना स्वतः करू द्या. पहिला तयार होतो तो बहुधा सगळ्यात वयस्कर गार्ड.

उपचाराबद्दल फिल्मची कसर इथे भरून काढा. एचआयव्हीला दाबून ठेवणारी सरकारी एआरटी औषधं १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली, पहिल्या काही केंद्रांत आपलं जेजे रुग्णालय होतं. २०१७ पासून लागण कळली की लगेच उपचार सुरू होतात, रक्तातल्या सीडीफोर या संरक्षक पेशी घसरायची वाट बघत नाहीत. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी लागते. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला की त्या माणसाकडून संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे वाक्य सावकाश दोनदा सांगा. ‘एड्स म्हणजे मरण’ एवढंच ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला ते एकदा ऐकून पटत नाही.

चाचणी तिथेच करू नका

कार्यक्रमाला जोडून कंपनीत रक्ततपासणी शिबिर लावायचा मोह मॅनेजरांना होतो. ठाम नकार द्या. रांगेत कोण उभं राहिलं, कोण टाळून गेला, कुणाला पुन्हा बोलावलं, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गेटांवर पोचतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, चाचणीला माणसाची समजून-उमजून दिलेली संमती लागते आणि नोकरीसाठी चाचणीची अट घालता येत नाही. लागण आहे म्हणून कामावरून काढणं हा भेदभाव ठरतो. शंभर किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या टॉवरमध्ये तो कोण आहे, हे कार्यक्रमाआधी मॅनेजरला विचारून ठेवा. नाव सांगता आलं नाही तर नेमायला लावा, कार्यक्रमाचं तेवढं भाडं घ्यायला हरकत नाही.

गार्डला फक्त पत्ता द्या. केईएम रुग्णालय इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, तिथे समुपदेशन आणि चाचणीचं सरकारी केंद्र आहे, पैसे पडत नाहीत. संबंधानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लागण असूनही चाचणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा जायला सांगा. हा पत्ता आणि हेल्पलाइनचा नंबर छापलेली चिठ्ठी सगळ्यांनाच द्या, मागेल त्यालाच देऊ नका.

महिनाभराने

परीक्षा घेऊ नका, बरोबर-चूकचे तक्ते भरून घेऊ नका. जायच्या आधी गार्डांच्या कपडे बदलायच्या खोलीत कंडोमचा डबा लावा. सुपरवायझरच्या टेबलावर ठेवलात तर तो वर्षभर तसाच भरलेला राहील. महिन्याने येऊन किती उरले ते मोजा. डबा रिकामा झाला असेल तर भरा आणि दुसरी फिल्म घेऊन या. भरलेलाच असेल तर आधी तो लावलाय कुठे ते बघा, मग फिल्मला दोष द्या.

आणि १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनाची वाट बघू नका. त्या दिवशी सगळ्या कंपन्यांना फिल्म हवी असते, समुपदेशक मात्र मोजकेच. फेब्रुवारीत किंवा जुलैत मागा, मिळतील. हेल्पलाइनचा नंबर १०९७, फोन फुकट लागतो, नाव सांगावं लागत नाही.